शेक घ्या, पण जागेपणी

गरम पाण्याच्या पिशवीने माणूस भाजतो, तेव्हा बहुतेक वेळा तो ओरडत नाही. त्याला कळतच नाही. रात्री पायाशी पिशवी घेऊन झोपतो आणि सकाळी टाचेवर टम्म फुगलेला फोड दिसतो. पाणी सांडलेलं नसतं, पिशवी फुटलेली नसते, पाणीही काही उकळतं नव्हतं. मग भाजलं कशानं, हे घरात कुणालाच उमगत नाही. कोंडलेल्या खोलीतल्या निखाऱ्यांचंही असंच आहे. धूर नसतो, वास नसतो, घुसमट होत नाही, आणि माणूस झोपेतून उठतच नाही.

विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना ऊनच आठवतं. पण 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. गोंदिया तर दर हिवाळ्यात राज्यातल्या सगळ्यात थंड ठिकाणांच्या यादीत असतं. आणि खेड्यातली थंडी शहराच्या आकड्यावरून कळत नाही. रात्रीच्या लाइनीवर हरभऱ्याला पाणी देणारा, रानडुकरं नि रोही हाकलायला वावरात जागलीला बसणारा, यांना ती खरी ठाऊक. आपली घरंही उन्हाळ्यासाठी बांधलेली, थंडीची सोय म्हणजे वाकळ, शेकोटी आणि शेक. ही तिन्ही साधनं चांगलीच आहेत. त्यांपैकी कोणतं झोपेत सोबतीला चालतं आणि कोणतं नाही, एवढंच नीट समजून घ्यायचं आहे.

कोमट वाटतं, तरी भाजतं

भाजणं दोन गोष्टींवर ठरतं: वस्तू किती गरम आहे, आणि ती कातडीला किती वेळ लागून आहे. 60 अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजतं. 50 अंशांच्या आसपास त्याला काही मिनिटं लागतात. आणि 44 अंशांना? सुमारे सहा तास. हे 1940 च्या दशकातल्या प्रयोगांतून दिसून आलं आणि आजही डॉक्टर तोच हिशेब धरतात.

44 अंश म्हणजे फार काही नाही. हात लावला तर 'मस्त गरम आहे' असंच वाटेल. चटका बसून हात मागे घ्यावा, असं वाटायला लागतं तेही साधारण याच्याच आसपास. जागा माणूस तासभर एका जागी शेक सहन करत नाही. पाय सरकवतो, पिशवी उलटी करतो. झोपलेला माणूस ते करत नाही. गाढ झोपेत, थकव्यात, झोपेच्या गोळीवर किंवा दारू प्यालेल्या अवस्थेत तर नाहीच नाही.

यात आणखी एक गोष्ट भर घालते. कातडीखालून वाहणारं रक्त उष्णता उचलून अंगभर पसरवत असतं, म्हणून ती एका जागी साठत नाही. पण टाच पिशवीवर टेकवून ठेवली, किंवा कंबरेखाली पिशवी घेऊन त्यावरच पडून राहिलं, की वजनाने तिथलं रक्त अडतं आणि उष्णता तिथेच मुरत राहते. म्हणून पिशवी अंगाखाली नाही, अंगावर किंवा अंगाशेजारी घ्यायची. पंधरा-वीस मिनिटं झाली की काढायची आणि कातडी पाहायची. गुलाबी झाली असेल तर ठीक, लालभडक असेल तर त्या दिवशी तिथे पुन्हा शेक नको.

आमच्या गल्लीतल्या एका आबाजींना साखरेचा आजार आहे. त्यांच्या टाचेला जखम झाली तेव्हा सून पिशवी दाखवून विचारत होती, "आबाजी, एवढं भाजलं, तुम्ही आवाज कसा नाही दिला?" ते म्हणाले, "मले तं काई कयलंच नाई." ते खरंच सांगत होते. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायांच्या नसा मंदावतात. गरम, थंड, टोचलेलं, काहीच पोचत नाही. बहुतेकांना हे ठाऊकही नसतं, कारण न जाणवणं हे दुखण्यासारखं लक्षात येत नाही. वर साखरेमुळे जखमही लवकर भरत नाही. म्हणून ज्यांना साखर आहे त्यांच्या पायांना थेट शेक नकोच, जागेपणीही नको. पाय गार पडत असतील तर सुती मोजे, त्यावर लोकरी मोजे, आणि झोपण्याआधी अंथरूण गरम करून घ्यावं. लकवा मारलेल्या अंगाचंही हेच.

पूर्व विदर्भात इथे कुष्ठरोगाचा विचार करावाच लागतो. दत्तपूर आणि आनंदवन ही कुष्ठरुग्णांसाठीची ठिकाणं आपल्याच मातीत उभी राहिली, आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा भागात आजही नवे रुग्ण सापडतात. या आजारात कातडीवरचा चट्टा बधिर होतो, हातापायाची बोटं बधिर होतात. शेकोटीशी बसलेल्या माणसाच्या बोटाला फोड आला आणि त्याला पत्ताच लागला नाही, तर फोडाला मलम लावून विषय संपवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर आजार पूर्ण बरा होतो.

रबरी पिशवीचं आयुष्य

दुकानातून आणलेली रबरी पिशवी दिसायला दहा वर्षं तशीच राहील, पण रबर आतून म्हातारं होत असतं. उष्णता, ऊन आणि तेल हे त्याचे तीन वैरी. मालिश केलेल्या तेलकट अंगाला पिशवी लावली की तेल रबरात मुरतं. आणि आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. हिवाळ्यातली पिशवी घडी घालून पत्र्याच्या पेटीत जाते आणि बाहेर 45 च्या वर पारा असताना, टिनाच्या छताखाली, अख्खा मे महिना तिथेच भाजून निघते. डिसेंबरात तीच पिशवी आपण उकळत्या पाण्याने भरतो. घडी पडलेल्या जागी किंवा तोंडाच्या जोडावर ती फाटली, तर लिटरभर गरम पाणी पोटावर किंवा मांड्यांवर येतं.

ब्रिटनच्या मानकाप्रमाणे बनणाऱ्या पिशव्यांवर एक फुलाचं चिन्ह असतं. मधल्या वर्तुळात वर्षाचे आकडे, भोवती महिन्यांच्या बारा पाकळ्या. पिशवी कधी बनली ते त्यावरून कळतं, आणि दोन वर्षं वापरून झाली की ती बदलावी असा तिथला सल्ला आहे. आपल्या बाजारातल्या पिशवीवर तारीख नसेल तर कव्हरावर पेनाने घेतल्याचं साल लिहून ठेवा. दर हिवाळ्यात पहिल्यांदा काढाल तेव्हा बोटांनी ताणून पाहा. बारीक भेगा दिसल्या, रबर कडक किंवा चिकट लागलं, की टाकून द्यायची. दिसायला ठीक असली तरी आधी गार पाणी भरून, बूच लावून, उलटी करून दाबून बघा. हिवाळा संपला की रिकामी करून, तोंड खाली करून, उन्हापासून दूर टांगून ठेवा. घडी घालू नका.

भरताना पाणी उकळतं नको. थर्मामीटर कुणाच्या घरी नसतो, म्हणून हिशेब असा: अर्धं उकळतं आणि अर्धं माठातलं पाणी मिसळलं की साधारण 60 अंशांचं होतं. तेवढं पुष्कळ आहे. पिशवी मांडीवर आडवी ठेवून भरू नका, मान धरून उभी भरा. दोन तृतीयांश भरली की थांबा, हळूच दाबून पाणी तोंडाशी येईपर्यंत आतली हवा बाहेर काढा, मग बूच घट्ट लावा. गच्च भरलेल्या पिशवीवर चुकून कुणी बसलं तर पाण्याला जायला जागा नसते, म्हणून ती फुटते. कव्हर नसेल तर जाडा टॉवेल दुहेरी गुंडाळा.

पिशवी नसली की लोक बाटलीत पाणी भरतात. कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली 70 अंशांच्या आसपास मऊ पडते, आकसते आणि झाकण सैल होतं. काचेची बाटली गरम पाण्याने तडकते. दोन्ही नकोत. मिठाची किंवा वाळूची पोटली, फडक्यात गुंडाळलेली गरम वीट, हे जुने उपाय चांगले आहेत, कारण त्यांत सांडायला काही नाही. पण तव्यावर तापलेलं मीठ पाण्यापेक्षा कितीतरी जास्त गरम होऊ शकतं. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, मग दुसऱ्याला शेका. विजेवर गरम होणारी जेलची पिशवी असेल तर गरम करताना अंगाला लावू नका, पिन काढून मगच वापरा, आणि ती फुगलेली दिसली तर टाका.

पिशवीत उष्णता असते तरी किती? 70 अंशांचं एक लिटर पाणी 40 पर्यंत निवताना जेवढी उष्णता देतं, तेवढी झोपलेल्या माणसाचं अंग अर्ध्या तासात स्वतः तयार करतं. म्हणजे रात्रभराची ऊब पिशवी देत नाही, आपलं अंगच देतं. वाकळीचं काम ती बाहेर जाऊ न देणं. म्हणून झोपण्याच्या अर्धा तास आधी पिशवी अंथरुणात ठेवा आणि अंथरुणात शिरताना ती बाहेर काढा. आणि जेवढं वरून पांघरता तेवढंच खाली अंथरा. गार जमीनही अंगातली ऊब ओढून घेते. बाजेच्या विणीतून खालची हवा थेट पाठीला लागते. खाली तणीस किंवा बारदाना, त्यावर सतरंजी, त्यावर जुनी गोधडी, आणि डोक्याला कानटोपी, एवढं केलं तर वरच्या तिसऱ्या चादरीची गरज उरत नाही.

निखारे घरात आणू नका

हे मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे.

लाकूड किंवा कोळसा मोकळ्या हवेत नीट जळला तर त्यातल्या कार्बनला पुरता ऑक्सिजन मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा कमी पडली, किंवा ज्वाळा विझून नुसते निखारे धुमसत राहिले, की अर्धवट जळण होतं आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. लोक काय करतात? पऱ्हाट्या, तुराट्या, लाकडं अंगणात पेटवतात, धूर जाऊ देतात, आणि लालभडक निखारे घमेल्यात भरून घरात आणतात. आता धूर नाही म्हणजे त्रास नाही, असं वाटतं. पण धूर संपतो तिथेच हा वायू जोरात असतो. निखाऱ्यावर राख ओढून सकाळपर्यंत विस्तव टिकवला, तर तो रात्रभर सुटत राहतो.

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. हवेत तो थोडासा असला तरी हळूहळू रक्तातली जागा अडवत जातो. आणि घुसमट का होत नाही? श्वास कोंडल्याची जाणीव अंगात कार्बन डायऑक्साइड साठल्यावर होते, ऑक्सिजन कमी झाल्यावर तितकी होत नाही. इथे श्वास नेहमीसारखा चाललेला असतो, म्हणून शरीर धोक्याची सूचनाच देत नाही. आधी डोकं जड होतं, मग गरगरतं, मळमळतं, गुंगी येते. हातापायातलं बळ जातं. काहींना कळतं की काहीतरी बिघडलंय, पण दारापर्यंत जायला उठतात नि तिथेच पडतात. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखतंय आणि बाहेर आल्यावर बरं वाटतंय, तर ती थंडी नाही, पित्त नाही. खोलीत हा वायू आहे.

"आमच्या आजीनं आयुष्यभर घरात शेगडी ठेवली, कुणाला काही झालं नाही," असं ऐकायला मिळतं. आजी बरोबर होती. तिचं घर कौलारू होतं. कौलांच्या फटींतून, छप्पर नि भिंतीच्या मधल्या मोकळ्या जागेतून हवा सतत ये-जा करायची, आणि गरम वायू वरूनच निघून जायचा. आता घरकुलात तीच शेगडी स्लॅबच्या एका खोलीत येते. पत्र्याचं दार, काचेची बंद खिडकी, आणि थंडी आत येऊ नये म्हणून दाराच्या फटीत कोंबलेलं पोतं. शेगडी तीच आहे, घर बदललंय. खिडकी थोडी उघडी ठेवली तर चालेल का, असं विचारतात. झोपायच्या खोलीसाठी माझं उत्तर नाही असंच आहे. थोडी म्हणजे किती, हे वारा ठरवतो, आपण नाही.

शेकोटी अंगणातच करा, तिथेच शेका, आणि झोपायला जाताना पाणी ओतून विझवा. जागलीच्या खोपडीतही निखारे आत घेऊ नका. खोपडीला ताडपत्री गच्च बांधलेली असेल तर ती बंद खोलीच झाली. शेकोटी पेटवायला पेट्रोल किंवा डिझेल वापरू नका. नायलॉनची साडी, टेरिकॉटची शाल आगीशी वितळून कातडीला चिकटते, म्हणून शेकायला सुती किंवा लोकरीचंच पांघरा. आणि थंडी घालवायला म्हणून मोहाची घेणाऱ्यांना सांगा: दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगातली उष्णता कातडीकडे येते, ऊब वाटते आणि उष्णता बाहेर निघून जाते. वर शेकोटीत तोल जातो तो वेगळाच.

बाथरूममधला गॅस गीझर आणि बंद न्हाणीतला पेटता बंब, हवा कमी पडली की यांतूनही हाच वायू निघतो, म्हणून दोन्हींना बंद खोलीचाच नियम.

बाळ आणि बाळंतीण

बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं, त्यावर ओवा, बाळंतशेपा, आणि दार बंद, कारण बाळंतिणीला वारा लागू नये. प्रेमापोटीच करतात, पण या खोलीत सगळ्यांत लहान फुप्फुसं आहेत. शेक द्यायचाच असेल तर दारखिडकी उघडी, सोबत जागं माणूस, आणि शेक झाला की घमेलं लगेच बाहेर. बाळाला धुरी देऊ नका.

नवजात बाळाचं तापमान 36.5 ते 37.5 अंशांत राहायला हवं. बाळ लवकर गार पडतं, आणि त्याची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ, म्हणून लवकर भाजतं. त्याच्या दुपट्यात गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. त्याची खरी ऊब आईची छाती. बाळाला फक्त टोपी नि लंगोट ठेवून आईच्या उघड्या छातीशी उभं धरायचं आणि वरून दोघांना पांघरायचं. ही कांगारू पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिथे कमी वजनाच्या बाळांना उबदार ठेवणाऱ्या पेट्या (इन्क्युबेटर) अपुऱ्या पडत होत्या. बाबा, आजी, मावशी कुणीही आळीपाळीने धरू शकतं, पण धरणारं जागं हवं.

आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्यात बाळाला उबदार ठेवणंही होतं. तिथले बालमृत्यू किती घटले ते 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई बाळंतपणानंतर घरी येऊन बाळाचं तापमान घेतात ते याच कामाच्या वाटेने. बाळाचे तळपाय आणि पोट दोन्ही गार लागत असतील, ते नीट दूध ओढत नसेल, तर त्याला छातीशी धरूनच दवाखान्यात न्या.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांना थंडी नुसती बोचत नाही, आजार उसळवते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, कोयत्यासारख्या वाकड्या झालेल्या तांबड्या पेशी त्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. त्यांना ऊब हवीच. गार पाण्याने आंघोळ नको, दुखण्यावर बर्फ तर मुळीच नको. कोमट शेकाने आराम पडतो, पाणी भरपूर प्यावं. मात्र घोट्याजवळ जखमा होण्याची प्रवृत्ती असते, तिथे शेक देऊ नये. ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर शेकत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना.

विजेचं थोडक्यात. 2000 वॅटचा हीटर जवळपास 9 अँपिअर ओढतो. घरातला साधा छोटा सॉकेट 6 अँपिअरचा. तो हीटर एक्स्टेंशन बोर्डावर रात्रभर चालवणं म्हणजे वायर तापवणं. उघड्या कॉइलच्या शेगडीत तारेतून थेट करंट वाहतो, तिच्याजवळ लहान मूल नको. पाण्यात रॉड असेल तर बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. कोठ्यात वासरांसाठी बल्ब टांगला असेल तर कुटारापासून लांब टांगा.

भाजलंच तर साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नाही. अंगठी, पाटल्या, जोडवी लगेच काढा, कारण सूज आल्यावर निघत नाहीत. कापड चिकटलं असेल तर ओढू नका. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काही लावू नका, फोड फोडू नका, स्वच्छ सुती कापडाने सैलसर झाका. फोड तळहातापेक्षा मोठा असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, भाजलेला भाग पांढरा पडून बधिर झाला असेल, किंवा माणसाला साखर असेल, तर डॉक्टरांना दाखवाच.

बंद खोलीत कुणी निपचित सापडलं तर आधी दार-खिडक्या सताड उघडा, स्वतः श्वास रोखून त्याला बाहेर ओढा, मगच बाकीचं. 108 ला फोन करताना 'कोळशाचा वायू लागला' असं स्पष्ट सांगा, म्हणजे ऑक्सिजनची तयारी होईल. साध्या हवेत हा वायू रक्तातून अर्धा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासावर येतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर 98 दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. ते यंत्र कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या रक्तालाही ऑक्सिजनचंच समजतं. माणूस शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी त्याला दवाखान्यात न्या, आणि त्याच खोलीत झोपलेल्या बाकीच्यांनाही सोबत न्या. त्यात गरोदर बाई असेल तर तिला पहिल्यांदा, कारण पोटातल्या बाळावर या वायूचा परिणाम आईपेक्षा जास्त होतो आणि जास्त वेळ राहतो.